शाळेच्या दप्तरातील मूल

साताऱ्याच्या ज्या शाळेला आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि जी पूर्वी सरकारी हायस्कूल म्हणून राजवाड्यात भरत असे, तिच्या जुन्या दप्तरात एक रजिस्टर निष्ठेने जतन केलेले आहे. त्यात १९१४ या अनुक्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव असून ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी हा मुलगा इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाल्याचे लिहिले आहे. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते, ते याच एका ओळीच्या आधाराने. परंतु तो मुलगा शाळेच्या दिवसांत इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसत असे, शिपाई आला नाही त्या दिवशी तहानलेलाच घरी जात असे, ही हकीकत पुढे त्याने स्वतः लिहिली म्हणून आपल्याला कळली. शाळेच्या दप्तरात तिला रकाना नव्हता. दप्तर खोटे बोलले असे नव्हे. त्याला जे विचारण्यात आले होते तेवढे त्याने अचूक सांगितले, आणि मुलाच्या शिकण्याशी ज्या गोष्टीचा सर्वांत निकटचा संबंध होता ती त्याला कोणी विचारलीच नव्हती.

शाळेत मुलांची नोंद ठेवणे ही आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी रीत आहे, आणि आज ती कागदावरून संगणकावर गेली असली तरी तिच्यामागचे प्रश्न बदललेले नाहीत. नोंद कोणासाठी लिहावयाची, ती वाचतो कोण, आणि वाचल्यानंतर वर्गातल्या शिकवण्यात काही फरक पडतो काय, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने या रीतीचा इतिहास पाहिला तर त्यातून पुष्कळ बोध होतो. तो आजवर सलगपणे फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून हा प्रपंच.

पेशवाईच्या अखेरीस आणि कंपनी सरकारच्या अंमलाच्या प्रारंभी गावोगाव ज्या पंतोजींच्या शाळा होत्या, त्यांत दप्तर नावाची वस्तू जवळजवळ नव्हतीच. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत धुळपाटीवर अक्षरे गिरवणारी दहा-वीस मुले, त्यांच्या तोंडी उजळणी आणि पावकी-निमकी, मोडीचा कित्ता, थोडा हिशेब, आणि या सर्वांवर देखरेख करणारा एकच पंतोजी, असा तो संसार असे. त्यात यत्ता नव्हत्या. जो तो मुलगा आपापल्या जागी असे, एकाची बाराखडी चाललेली असताना दुसरा जमाखर्च लिहीत असे, आणि कोण कुठे अडला आहे हे पंतोजीच्या ध्यानात पक्के बसलेले असे. ही त्या पद्धतीची जमेची बाजू होय, आणि ती लहान नाही. मात्र या शाळांचे उदात्तीकरण करणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: पंतोजीचे हे ज्ञान त्याच्याबरोबर येई आणि त्याच्याबरोबर जाई, त्याच्या छडीची दाद कुठे मागता येत नसे, आणि ओवरीच्या पायरीशी सुद्धा ज्यांना येता येत नव्हते त्या मुलांची, तशीच एकंदर मुलींची, अनुपस्थिती कोठेच लिहिली जात नसल्यामुळे ती कोणाच्या नजरेतही येत नव्हती.

या शाळांची पहिली मोजदाद सरकारी हुकुमाने झाली. गव्हर्नराच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली असा अभिप्राय लिहून ठेवला होता की या मुलखात लहानमोठे असे गाव क्वचितच असेल जिथे एखादी तरी शाळा नाही. १८२४ मध्ये, गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून शाळा व विद्यार्थी यांची माहिती मागवण्यात आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिचा जो तालेबंद तयार झाला त्यात सुमारे ४७ लाखांच्या वस्तीमागे १,७०० च्या थोड्या वर शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुले भरली. गावोगाव शाळा हा अभिप्राय आणि हा आकडा यांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. या चौकशीचे कागद रा. वि. परुळेकर यांनी परिश्रमपूर्वक संपादून १९५१ साली प्रसिद्ध केले, त्यामुळे आज ते कोणालाही वाचता येतात. आणि वाचताना जाणवते ते हे की मामलेदाराकडून कलेक्टराकडे आणि कलेक्टराकडून मुंबईस गेलेल्या या माहितीतून परत गावी काहीच आले नाही. ज्या पंतोजीच्या शाळेतली डोकी मोजली गेली, त्याला मोजणाराने काय पाहिले हे कधी कळले नाही. जमाबंदीसाठी जशी शेतांची पाहणी होते तशी ही शाळांची पाहणी झाली.

१८५४ चा वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले. डायरेक्टर, त्यांच्या हाताखाली इन्स्पेक्टर, आणि प्रत्यक्ष गावोगाव फिरणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना लोक नुसते ‘दिपोटी’ म्हणू लागले, अशी उतरंड उभी राहिली, आणि तिच्याबरोबर कागदांचीही उतरंड आली. रोजचा हजेरीपट, मुलाचे नाव, जात, जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख सांगणारे जनरल रजिस्टर, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने अभिप्राय लिहावयाचे शेरेबुक, आणि मुलगा निघून जाताना त्याच्या हाती द्यावयाचा शाळा सोडल्याचा दाखला. या कागदांविषयी तुच्छतेने बोलण्याची फॅशन आहे. मला ती मान्य नाही. ज्या समाजात सामान्य रयतेच्या पोराची जन्मतिथी लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती, तिथे त्याचे नाव शाईने, क्रमांक घालून, सरकारी पुस्तकात लिहिले गेले, ही क्षुल्लक घटना नव्हे. शिवाय विद्याखात्याच्या वार्षिक अहवालांतून जातवार विद्यार्थ्यांचे तक्ते छापून येऊ लागले, आणि कोणत्या वर्गाची मुले शाळेत आहेत व कोणाची नाहीत ही गोष्ट, जी आजवर सर्वांना ठाऊक असून कोणी उच्चारत नव्हते, ती प्रथमच आकड्यांनी सिद्ध करता येऊ लागली.

परंतु त्याच सुमारास या नोंदींना पैशाची गाठ बांधली गेली, आणि तिथून त्यांचे स्वरूप बिघडण्यास प्रारंभ झाला. ही कल्पना मूळची विलायतेतली. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने जी सुधारित नियमावली अमलात आली, तिच्यान्वये शाळेला मिळणारे सरकारी अनुदान मुलामागे हिशेब करून द्यावयाचे ठरले: सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे फार तर १२ शिलिंग, त्यांपैकी ४ शिलिंग सरासरी हजेरीबद्दल आणि उरलेले ८ इन्स्पेक्टराने घेतलेल्या वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेबद्दल, आणि मूल एका विषयात नापास झाले की त्यामागे २ शिलिंग ८ पेन्स कापावयाचे. करदात्याच्या पैशाचा मोबदला मोजून घ्यावा हा विचार वरवर पाहता निर्दोष वाटतो. प्रत्यक्षात काय झाले ते त्या काळच्या तपासनिसांनीच लिहून ठेवले आहे. मुलांकडून एकच वाचनपुस्तक वर्षभर घोकून घेतले जाई, इतके की पुस्तकावर नजर न ठेवताही ती ‘वाचत’. आजारी मुलाला तपासणीच्या दिवशी उचलून वर्गात आणून बसवले जाई, कारण त्याची गैरहजेरी शिक्षकाच्या घरखर्चातून वजा होणार असे. इतिहास, भूगोल, निसर्गपरिचय हे विषय, त्यांना शिलिंग लागलेले नसल्यामुळे, बाजूला पडले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. त्यांनी या योजनेवर त्याच वर्षी सडेतोड टीका लिहिली आणि पुढेही आपल्या अहवालांतून परीक्षेच्या या यांत्रिकपणाविषयी इशारे दिले. तीस-पस्तीस वर्षे ही पद्धत टिकली आणि शतक संपण्यापूर्वी ती मोडली गेली.

एक गोष्ट मात्र इथे नमूद केली पाहिजे. याच नियमावलीने प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकाला रोजनिशी ठेवण्याचे बंधन घातले होते, आणि आज त्या काळातील शाळांचे खरे जीवन समजून घ्यावयाचे झाले तर अभ्यासक परीक्षांच्या तक्त्यांकडे क्वचितच जातात, या रोजनिशींकडे जातात. कारण कापणीच्या दिवसांत वर्ग ओस का पडला, गोवराची साथ कोणत्या आठवड्यात आली, कोणता मुलगा अनवाणी येतो, हे त्यांत शिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ज्या नोंदीवर पैसे ठरत होते ती निरुपयोगी ठरली, आणि जिच्यावर एकही पेनी अवलंबून नव्हती ती मोलाची ठरली. या अनुभवाकडे शिक्षणाच्या कारभाऱ्यांनी पाहिजे तेवढे लक्ष दिले असे वाटत नाही.

१८६० नंतरच्या दशकात हीच पद्धत मुंबई इलाख्यात अनुदान मिळणाऱ्या शाळांना लागू झाली. प्रत्येक इयत्तेचे मापदंड ठरले, दर मुलामागे विषयवार रकमेचे कोष्टक बांधले गेले, आणि इन्स्पेक्टराची वार्षिक परीक्षा हा शाळेच्या वर्षातला निर्णायक दिवस होऊन बसला. १८८२ च्या हंटर शिक्षण कमिशननेही प्राथमिक शाळांपुरती तिची पाठराखण केली. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, नव्या शतकाच्या आरंभी, ती रद्द झाली. रद्द झाली खरी, पण तपासणीसाठी शिकवण्याची जी सवय दोन पिढ्यांच्या शिक्षकांना लागली ती हुकमाने जाणारी नव्हती. दिपोटी यावयाचे म्हणून शाळा सारवणे, पाठ असलेला धडाच वाचायला देणे, अडखळणाऱ्या मुलांना त्या दिवशी घरी राहावयास सांगणे, हे प्रकार महाराष्ट्रातल्या घरोघरच्या वृद्धांनी आपल्या आठवणींत सांगितले आहेत, आणि ते त्या पद्धतीचेच अवशेष होत.

या हंटर कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते आजही काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा, जमिनीच्या साऱ्यावर बसवलेल्या लोकल फंडाचा पैसा रयतेकडून घेऊन तो तिच्या मुलांवर पुरेसा खर्च न होणे, हे त्यातील मुख्य मुद्दे सर्वपरिचित आहेत. पण तपासणीसंबंधी त्यांनी जे म्हटले आहे तिकडे कमी लक्ष गेले आहे. प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी व सदोष आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीच्या भेटीने म्हणण्यासारखा लाभ होत नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे, आणि याखेरीज मध्येच, पूर्वसूचना न देता, शाळा पाहिल्या पाहिजेत, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे तयार करून ठेवलेले चित्र पाहू नका, रोजची शाळा पाहा. शिक्षकाच्या वेतनाविषयीही त्यांची भूमिका विचारपूर्वक बेतलेली होती. गावच्या शिक्षकाला निदान १२ रुपये पगार असावा, मोठ्या गावी तो १५ ते २० पर्यंत जावा, आणि ज्याची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतील त्याला उत्तेजनार्थ पगाराखेरीज काही विशेष भत्ता मिळावा. निकालाला बक्षीस द्यावयास त्यांचा विरोध नव्हता. पोटाची भाकरी निकालावर टांगून ठेवावयास ते तयार नव्हते. लो यांच्या नियमावलीत आणि फुल्यांच्या या सूचनेत जे अंतर आहे ते मला फार मोठे वाटते, आणि ते ओळखण्याची दृष्टी भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा घालून प्रत्यक्ष शिकवलेल्या माणसाला होती, यात आश्चर्य नाही.

त्यानंतर सक्तीच्या शिक्षणाचे पर्व आले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती सुरू करून १९०६ मध्ये ती सबंध संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडले जाऊन पुढच्या वर्षी फेटाळले गेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचा कायदा करून मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. सक्ती म्हटली की शाळेत असलेल्या मुलांच्या पटाबरोबर शाळेत नसलेल्या मुलांची यादीही लागते, आणि ही दुसरी यादी करावयाची म्हणजे शिक्षकाला आळीआळीतून, वाड्या-वस्त्यांवरून हिंडावे लागते.

जातवार तक्त्यांचा आणि पटांच्या आकड्यांचा सर्वांत परिणामकारक उपयोग मात्र साताऱ्याच्या त्या रजिस्टरातल्या मुलानेच केला. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून दाखवून दिले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. आणि त्यावरून त्यांनी अशी मागणी केली की सरकारने या शिक्षणावरचा खर्च वाढवावा, कारण मूल मध्येच शाळा सोडून गेले तर त्याच्यावर केलेला खर्चही वाया जातो. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, सायमन कमिशनच्या साहाय्यार्थ नेमलेल्या हार्टोग समितीने १९२२–२३ सालच्या पहिलीतल्या मुलांशी १९२५–२६ सालच्या चौथीतल्या मुलांची तुलना करून हाच १८ चा आकडा काढला, आणि त्याला ‘गळती व स्थगिती’ अशी जी जोड नावे पडली ती शिक्षणाच्या परिभाषेत कायमची रूढ झाली. परंतु समितीचा निष्कर्ष उलटा होता: नव्या शाळा वाढवण्याची घाई नको, आहेत त्या आधी सुधारा. एकाच आकड्यावरून एकाने अधिक पैसा व अधिक विस्तार मागितला, दुसऱ्याने विस्ताराला लगाम घातला. आकडे स्वतः काहीच सांगत नाहीत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्यांच्यापुढे कोणता प्रश्न ठेवला आहे यावर त्यांचे उत्तर अवलंबून असते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण आपल्या शिक्षणेतिहासात मला दुसरे आढळत नाही.

शिवाय हार्टोग समितीच्या गणनेत एक दोष होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एका वर्षीची पहिली आणि तीन वर्षांनंतरची चौथी यांच्या केवळ बेरजा ताडून पाहिल्या तर ज्या मुलाने शाळा सोडली तो आणि जो पहिलीतच दोन-तीन वर्षे अडकून पडला तो, दोघेही सारखेच ‘गळालेले’ दिसतात. त्यातून पहिलीचा वर्ग म्हणजे जुने नापास, वर्षाच्या मध्यात आलेली, मोठ्या भावंडाबरोबर नुसती येऊन बसणारी, अशा सर्वांची भरती. तो आकडा मुळातच फुगलेला. वर्गाची बेरीज सोडून एकेका मुलामागे जाणे हाच यावर उपाय होता, आणि ते काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने हाती घेतले. साताऱ्याचे वकील रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली उभी राहिलेली ही संस्था. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयी ज्या दोन चौकशा केल्या त्यांचे अहवाल १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. पहिल्या चौकशीचा प्रश्न असा की शाळा सोडून काही वर्षे लोटलेल्या प्रौढाला अजून लिहिता-वाचता येते काय. दुसरीचा असा की शाळेत नाव घातलेल्या मुलाचे पुढे नेमके काय होते. ज्या जनरल रजिस्टरांकडे आजवर दिपोटीने सही करण्यापुरते पाहिले होते ती आता ओळीओळीने वाचली गेली, आणि मूल कधी आले, कोणत्या इयत्तेत किती काळ रेंगाळले, कधी व कशासाठी गेले, याचा माग लावण्यात आला. अर्थशास्त्रज्ञांनी शाळेच्या दप्तराला दिलेला हा मान शिक्षणखात्याने त्यापूर्वीच द्यावयास हवा होता.

या प्रकारच्या अभ्यासांतून जी गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली ती म्हणजे हानीचा मोठा भाग पहिल्याच इयत्तेत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, ज्यांनी या विषयाचा ध्यास आयुष्यभर सोडला नाही, ते १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि त्या आयोगाने पहिली व दुसरी मिळून एकच घटक मानावा, कोवळ्या मुलाला पहिल्या वर्षाच्या अखेरीस नापासाचा शिक्का मारून मागे बसवू नये, अशी शिफारस केली. नोंदींच्या वाचनातून शाळेची रचनाच बदलण्याची सूचना निघाली, अशी उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत, म्हणून त्यांचे मोल अधिक.

दप्तराच्या रूढ चाकोरीबाहेर जाऊन मुलाला पाहणारेही याच काळात झाले. डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसवल्या आणि त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कसोटी पॅरिसमध्ये १९०५ साली तयार झाली ती ज्या मुलांना अधिक साहाय्याची गरज आहे त्यांना ओळखण्यासाठी, हा तिचा हेतू नंतरच्या उत्साही मंडळींनी विसरू नये. आणि ताराबाई मोडक! १९४५ मध्ये बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या सोबतीने, त्यांनी जे केले त्यात हजेरीपटाच्या वाचनाचा उत्कृष्ट नमुना आहे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे पट सांगत होता. का येत नाहीत, हे पाहण्यासाठी त्या मुलांपर्यंत गेल्या. धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखावी लागतात म्हणून येत नसतील तर शिक्षक गुरांमागे कुरणात गेला. अंगणवाडी आणि कुरणशाळा या दोन्ही कल्पना गैरहजेरीच्या कारणाला दिलेल्या उत्तरांतून जन्मल्या. तोवर सरकारी पटावर अशा मुलापुढे ‘सतत गैरहजर, नाव कमी’ एवढाच शेरा पडत असे.

अलीकडच्या काळाविषयी थोडक्यात लिहितो. पटसंख्येवर तुकड्या, तुकड्यांवर शिक्षक आणि शिक्षकांवर अनुदान, ही साखळी कायम राहिल्यामुळे पटावर नसलेली मुले लिहिण्याचा रोगही कायम राहिला, आणि तो इतका बळावला की ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सबंध महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली, आणि पटावरची लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहावी ही त्यातली कल्पना सुंदर होती, पण नोंदवही तपासली जाणार हे कळताच तयार नोंदींचे संग्रह हातोहात फिरू लागले आणि चाळीस मुलांविषयी तीच दहा वाक्ये उलटसुलट लिहिली जाऊ लागली. लो यांच्या काळातला पाठ केलेला धडा तो हाच. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते, केंद्र शासनाच्या ‘यू-डायस’मध्ये ती पुन्हा भरावी लागते, आणि दोन्हीकडच्या मागण्यांचा तगादा मुख्याध्यापकाच्या मागे असतो.

याच्या उलट दिशेने जाणारा एक प्रयत्न मुंबईतच आरंभलेल्या ‘प्रथम’ या संस्थेचा. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालासाठी तिचे स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलापुढे एक कागद ठेवतात: काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना ही गोष्ट नीट वाचता येत नाही, हे वास्तव त्यातून देशापुढे आले. अहवालाने व्हायचा तो गाजावाजा झाला. मला महत्त्वाचे वाटते ते हे की तोच कागद शिक्षकाला पाच मिनिटांत स्वतः वापरता येतो आणि दुसऱ्या दिवशी इयत्ता विसरून, कोण कुठे अडला आहे त्याप्रमाणे, मुलांचे गट करून शिकवता येते. पंतोजीच्या ओवरीत जे नुसत्या ध्यानात होते ते इथे कागदावर आले, आणि तो कागद वर्गाबाहेर जाण्यापूर्वी वर्गाच्या उपयोगी पडला.

म्हणून शिक्षणखात्याला, आणि त्याच्या वतीने माहितीचे तक्ते आखणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला, एक विनंती आहे. नवा रकाना आखण्यापूर्वी तो भरणाऱ्या शिक्षकास त्या माहितीतून उद्याच्या तासाला काय मिळणार हे लिहून काढावे. काहीच मिळत नसेल तर तो रकाना शिक्षकाकडून न भरून घेता कारकुनाकडे सोपवावा किंवा सरळ काढून टाकावा. मुलांच्या चाचण्यांचे निकाल वर पाठवून घेतल्यावर महिन्याभरात ते त्या शाळेकडे, त्या वर्गाकडे, वाचता येईल अशा रूपात परत आले पाहिजेत. शिक्षकाची बदली, वेतनवाढ किंवा बदनामी त्यांच्यावर ठरवू नये. आणि मूल शाळेत येईनासे झाले तर त्याच्या नावापुढे नुसती फुली न मारता कारण लिहिण्यास शिक्षकाला वेळ द्यावा, व ते कारण वाचण्याची जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी.